बाटल्यांच्या गळ्यातले दोरे

आमच्या विभागात प्रत्येक बाटलीच्या गळ्यात दोरा होता. लाल दोरा म्हणजे तीव्र आम्ल, पिवळा म्हणजे पेट घेणारं, काळा म्हणजे विष, आणि पांढरा असला की हात लावायला हरकत नाही. बाहेरून आलेला माणूस हे बघून हसायचा. रुजू झाले त्या दिवशी मीही हसले होते.

दोरे बांधले होते विभागातल्या जुन्या परिचरानं. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या सगळ्या इंग्रजीत, त्याला इंग्रजी येत नव्हतं, आणि ते शिकवायच्या भानगडीत कोणी प्राध्यापक पडला नव्हता. मग त्यानं गोधडी शिवायच्या दोऱ्याची रिळं आणली आणि आपली सोय आपण केली. इतक्या वर्षांत त्याच्या हातून एक बाटली चुकली नाही. पुढं एसटीच्या अपघातात तो गेला आणि अनुकंपा तत्त्वावर त्याच्या जागी त्याची बायको लागली. तिशीची असेल, माझ्याएवढीच. पण मी झाले मॅडम आणि ती पहिल्या दिवसापासून मावशी. शिपाई पुरुष असला तर मामा, बाई असली तर मावशी, मग वय काही का असेना. मीही मावशीच म्हणत राहिले.

हा जालन्यातला पदव्युत्तर रसायनशास्त्राचा विभाग. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. राजूरकडच्या एका खेड्यातून आलेली, एम.एस्सी. झालेली मी या विभागातली पहिली बाई. विषारी वाफा ओढून घ्यायला काचेचं कपाट होतं, त्यातला पंखा बंद, आणि कपाटात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे रचलेले. वाळूच्या लाल बादल्या होत्या, त्यात सगळे पान थुंकायचे. प्रथमोपचाराच्या पेटीची किल्ली विभागप्रमुखांकडं असायची आणि पेटीत त्यांची सुपारी. नळाला पाणी आठवड्यातून एकदा यायचं, तेही आलं तर. गावातच नव्हतं तिथं विभागात कुठून असणार?

विभागप्रमुखांना आम्ही नुसतं सर म्हणायचो. सरांना बायकांची फार काळजी. कोणत्याही वाक्याच्या आधी ‘तुमच्या काळजीपोटीच सांगतो’ असं म्हणायचे आणि मग एक दार लावून टाकायचे. कार्बनी रसायनाची प्रात्यक्षिकं मला नाहीत, कारण उद्या चेहऱ्याला काही झालं तर माझं लग्न व्हायचं कसं? परीक्षक म्हणून बाहेरगावी मी जायचं नाही, कारण मुक्कामाचं काय? मला दिलं होतं फळ्यावरचं शिकवणं आणि पाहुणे आले की दारातली रांगोळी. पंखा दुरुस्त करा म्हटलं तर त्याला खर्च लागतो. बाईला बाहेर ठेवायला काही लागत नाही. हे मी एकदा त्यांच्या तोंडावर बोलले. माझी जीभ तेव्हापासूनच तिखट.

मावशींना प्रयोगशाळेत पाऊल टाकायला बंदी होती. झाडू मारायचा, चहा करायचा, बादल्या भरायच्या. एक दिवस त्या माझ्याकडं आल्या आणि म्हणाल्या की मला दोरे सगळे येतात, नवरा घरी जेवताना सांगायचा. मी सरांशी अर्धा तास भांडले. शेवटी ते म्हणाले, होऊ द्या तुमच्या मनासारखं, पण उद्या काही झालं तर नाव तुमचं. मी म्हटलं, चालेल. असली वाक्यं बोलताना मला फार बरं वाटायचं.

सहा महिन्यांत मावशींसारखा परिचर विभागात दुसरा नव्हता. पुढच्या वर्षी प्रयोगशाळा सहायक निवृत्त होणार होते आणि त्या जागेची मावशींनी आस धरली होती. त्याला दहावी पास लागायचं. त्या होत्या सातवी. मी त्यांना बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावला आणि रोज कॉलेज सुटल्यावर भांडारखोलीत त्यांची शिकवणी सुरू केली. पुस्तकापेक्षा बाटल्यांवरून शिकवलं. ए फॉर ॲपल नाही, ए फॉर ॲसिड. एस फॉर सॉल्व्हंट. सहायक होऊन काय करणार असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, “सहायकाला आडनावानं हाक मारतेत. मावशी न्हाई म्हणत.”

मला ते तेव्हा गमतीचं वाटलं होतं.

मग विभागाची मान्यता पुढं चालू ठेवायची की नाही हे बघायला विद्यापीठाची समिती येणार असं कळलं. आदल्या दिवशी दुपारी सरांनी सगळीकडं फेरी मारली आणि बाटल्यांसमोर थांबले. म्हणाले, हे गंडेदोरे आधी काढा, हा सायन्सचा विभाग आहे का देवऋष्याचं घर? मी बाकी सगळ्या गोष्टींवर त्यांच्याशी भांडायचे, यावर भांडले नाही. मलाही त्या दोऱ्यांची लाजच वाटायची. खेड्यातून आलेल्या माणसाला खेड्यातल्या गोष्टींची जास्त लाज वाटते. शिवाय माझं इंग्रजी अक्षर सुंदर होतं, आणि ते समितीला दिसावं असंही मनात होतं.

मावशी घरी गेल्यावर मी कात्री घेतली. दोरा कापायचा आणि लगेच त्या बाटलीवर चिठ्ठी लावायची, असं शहाण्या माणसानं केलं असतं. मी आधी सगळे दोरे कापले, टेबलावर रंगीत ढीग झाला. मग ओळीनं सगळ्या चिठ्ठ्या लिहिल्या, आणि मग डिंक घेऊन चिकटवत सुटले. कपाटातल्या बाटल्यांवर जुन्या चिठ्ठ्या खाली होत्याच. पण बेसिनखाली दोन तपकिरी बाटल्या असायच्या, एकसारख्या, त्यांवर नुसता दोराच होता. लाल दोऱ्याची बाटली वापरून उरलेल्या आम्लासाठी, पिवळ्या दोऱ्याची वापरून उरलेल्या ॲसिटोनसाठी. ही दोन्ही एकत्र आली की उकळी फुटते आणि बाटली उडते. पहिल्या तासाला आम्ही पोरांना हेच सांगतो. मी त्या दोन बाटल्यांवर चिठ्ठ्या लावल्या, एकीवर ‘ॲसिड’, दुसरीवर ॲसिटोनसाठी ‘सॉल्व्हंट’, आणि अंधार पडायच्या आत मस्तगडला माझ्या खोलीवर गेले.

सकाळी मावशी लवकर आल्या होत्या. दारातच त्यांनी विचारलं, “म्याडम, दोरे कुठं गेले?”

मी रांगोळी काढत होते. म्हटलं, “आता तुम्हाला वाचता येतं ना मावशी? मग दोरे कशाला?”

त्या हसल्या. आत जाऊन बेसिनखालची एक बाटली उचलून दारापर्यंत घेऊन आल्या आणि माझ्यासमोर एकेक अक्षर लावून त्यांनी वाचलं, ए, सी, आय, डी. ॲसिड. “बराबर?” त्यांनी विचारलं. मी रांगोळीवरून नजर न काढता म्हटलं, बिलकुल बरोबर.

समिती आली. सरांच्या खोलीत पोहे सुरू झाले. समितीसमोर मावशी दिसायला नकोत असा सरांचा हुकूम होता, म्हणून त्या मागच्या प्रयोगशाळेत कालची भांडी आवरत होत्या. मी समितीला अभ्यासक्रम सांगत होते. तेवढ्यात पत्र्यावर नारळ पडावा तसा आवाज झाला.

उरलेलं नायट्रिक आम्ल त्यांनी बाटलीत ओतलं होतं, बूच लावलं होतं आणि बाटली परत बेसिनखाली सरकवायला त्या वाकल्या होत्या. वास कसा आला नाही म्हणाल, तर त्या खोलीत सगळ्याचाच वास असायचा. मी पोचले तेव्हा त्या बेसिनचा पाय धरून बसल्या होत्या आणि पाणी, पाणी म्हणत होत्या. नळ कोरडा होता. मावशींनी स्वतः पहाटे भरून ठेवलेल्या दोन बादल्या पाहुण्यांच्या संडासात नेऊन ठेवल्या होत्या, हे कोणाच्या लक्षात यायला वेळ गेला. एका विद्यार्थ्यानं व्हरांड्यातला माठ उचलून आणला. आम्ही तांब्यातांब्यानं त्यांच्या तोंडावर पाणी ओतलं. समितीतले एक गृहस्थ रुमाल नाकाला लावून बाहेर जाऊन उभे राहिले. रिक्षातून मावशींना सरकारी दवाखान्यात नेलं आणि तिथून औरंगाबादला. डावा डोळा गेला. गाल आणि मान भाजली ती कायमची.

दुपारी सगळे दवाखान्यात होते. मी एकटीच मागं राहिले होते. काचा गोळा करताना मला बेसिनखालची दुसरी बाटली दिसली. धड होती. तिच्यावर माझ्या सुंदर अक्षरात ‘सॉल्व्हंट’ असं लिहिलं होतं. मी बूच काढलं तर नाकाला झिणझिण्या आल्या. आत आम्ल होतं.

म्हणजे चिठ्ठ्या मी उलट्या लावल्या होत्या. मावशींनी जे लिहिलं होतं तेच वाचलं होतं.

हे कळल्यावर माणसानं काय करावं? मी थुंकीनं अंगठा ओला केला आणि ती चिठ्ठी काढली. डिंक अजून नीट वाळला नव्हता, अख्खी निघून आली. पर्समध्ये टाकली आणि जाताना नालीत सोडून दिली. हे सगळं मी किती सफाईनं केलं, ते मला आजही आठवतं आणि स्वतःची किळस येते.

आठ दिवसांनी सरांनी अहवाल समोर ठेवला. त्यात लिहिलं होतं की परिचर यांना वाचता येत नसल्यामुळे व त्यांच्या निष्काळजीपणामुळे अपघात घडला. साक्षीदार म्हणून माझी सही हवी होती. मी म्हटलं की त्यांना वाचता येतं, मी शिकवलंय. सरांनी पेनचं टोपण काढून पेन माझ्याकडं सरकवलं. म्हणाले, “मंग चिठ्ठ्या कोणी लावल्या ते पण लिहावं लागंल, मॅडम. तुम्ही अजून कायम झाल्या न्हाईत.” त्यांना किती माहीत होतं देव जाणे. मी सही केली.

पुढच्या महिन्यात पत्रक निघालं. सुरक्षेच्या कारणास्तव स्त्री कर्मचाऱ्यांना प्रयोगशाळेत नेमू नये. पत्रकाला तो अहवाल जोडलेला होता आणि अहवालाखाली माझी सही. त्यानंतर आलेल्या प्रत्येक बाईला तोच कागद दाखवला जायचा. मला प्रात्यक्षिकं मिळाली ती सर निवृत्त झाल्यावर.

मावशी चार महिन्यांनी काळा चष्मा लावून परत आल्या. त्यांना ग्रंथालयात टाकलं, पुस्तकांवरची धूळ झटकायला. सहायकाच्या जागेवर एक पुरुष आला. पण मावशींनी फॉर्म मागं घेतला नव्हता. एका डोळ्यानं अभ्यास करून दुसऱ्या खेपेला त्या दहावी झाल्या. राजूरच्या गणपतीला जाऊन आल्या आणि मला पेढा आणून दिला. तो मी त्यांच्यासमोर खाल्ला.

वर्षं गेली. दोन हजार साल उलटल्यावर मी विभागप्रमुख झाले. वरून नवे तक्ते यायला लागले होते, विभागातील सुरक्षा, विभागातील समान संधी. आजवर झालेले अपघात या रकान्यात मी निरंक लिहिलं, कारण आधीच्या तक्त्यातही तेच होतं. मग सहायकाची जागा पुन्हा निघाली, आणि या वेळी ती महिलांसाठी राखीव होती.

मावशी माझ्या खोलीत आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. मला वाटलं, शिफारस मागतील. त्या म्हणाल्या, “म्याडम, माझ्या फायलीत लिवलंय की मला वाचता येत न्हाई. तेवढं खोडता का?”

मी म्हटलं, तुम्ही दहावी झालात, ते आता कोण बघतंय?

“सगळे बघतेत,” त्या म्हणाल्या. “डोळा गेला ते जाऊ द्या. पण मी त्या दिवशी बराबर वाचलं होतं. तुमच्या म्होरं वाचलं होतं.”

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, भांडण मला जमतं. मी “बघते” म्हणाले, आणि त्या गेल्या.

फाईल माझ्याच कपाटात होती. ते वाक्य खोडायला एक रेघ पुरेशी होती. पण शेजारी कारण लिहावं लागलं असतं, आणि कारण एकच होतं. माझ्या निवृत्तीला सहा वर्षं राहिली होती. मी मावशींसाठी चांगलं लांबलचक शिफारसपत्र लिहिलं. कष्टाळू आहेत, प्रामाणिक आहेत, वक्तशीर आहेत. मुलाखतीला बसलेल्यांनी पत्र वाचलं, मग फाईल वाचली, आणि जागा बाहेरून आलेल्या एका मुलीला गेली. मावशी ग्रंथालयातूनच निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात मीच भाषण केलं. त्यात मी त्यांना तीन वेळा मावशी म्हटलं.

आता मीही निवृत्त आहे. फाईल बहुधा अजून त्याच कपाटात असेल, आणि मी मागितली तरी आता मला कोणी देणार नाही. म्हणून जे तिथं लिहायचं होतं ते इथं लिहिते. परिचर यांना वाचता येत होतं. त्यांनी बरोबर वाचलं. चिठ्ठी मी चुकीची लावली होती.