सवलतीचा दाखला

बाबा इंदूरच्या एका कापड गिरणीत रंगखात्याचे मुख्य होते. पगार बरा होता, म्हणूनच त्यावर आयकर बसायचा. तो पगारातूनच कापला जाई आणि वर्षअखेरीला राहिलेला सगळा एकदम जाई. फेब्रुवारीचा पगार घेऊन बाबा घरी आले की आई तो देवापुढे ठेवायची आणि स्वयंपाकघरात जायची. त्या महिन्यात आमच्याकडे कुणाला जेवायला बोलावलं जात नसे.

मध्य प्रदेश होऊन दहाएक वर्षं झाली होती. जुन्या संस्थानी दरबारच्या कचेरीतून राज्याच्या नोकरीत गेलेले आमचे बरेच नातेवाईक बदली होऊन भोपाळला गेले होते. मागे राहिलेल्यांत बाबांचे एक मावसभाऊ होते. ते आयकराचे वकील, ऑफिस शहरातल्या तुकोगंजात. आम्ही त्यांना वकीलकाका म्हणायचो. एका रविवारी बाबा त्यांच्याकडे आपले कागद घेऊन गेले, मला बरोबर घेऊन. मी कॉलेजात होते आणि बाबांचं इंग्रजी टायपिंग करून द्यायची.

काकांनी कागद चाळले. "विमा आहे, फंड आहे. आणखी कुछ नहीं बचा," ते म्हणाले. मग थोडं थांबून, चष्मा पुसत म्हणाले, "एक नवीन सवलत आलीय. घरात कुणी अपंग असेल, तुमच्यावर अवलंबून, तर त्याच्या उपचाराच्या खर्चापोटी उत्पन्नातून वजावट मिळते. तुझ्या घरी आहेच की."

बाबांनी विम्याची पावती घडी केली आणि पुन्हा उलगडली.

माझा धाकटा भाऊ तेव्हा तेरा वर्षांचा होता. चौथ्या वर्षी त्याला मेंदूचा ताप आला होता. ताप उतरला, पण उजवा हात आणि पाय लुळे राहिले. जीभही जड झाली. त्याला सगळं कळायचं, फक्त शब्द उशिरा यायचे. शाळेनं एक वर्ष ठेवून घेतलं आणि मग नाही म्हटलं. तेव्हापासून आई त्याची शाळा झाली होती. रोज सकाळी ती त्याला खाटेच्या कडेला धरून चालवायची, ज्वारीचे दाणे एकेक उचलायला लावायची. दर रविवारी बसनं इंदूरजवळच्या बेटम्याला न्यायची. तिथे एक वैद्यजी होते, ते तेल लावून मालिश करायचे आणि म्हणायचे, "बाई, जान है नस में. आ जाएगा." त्या एका वाक्यावर आई पुढचा आठवडा काढायची.

"काय लागेल?" बाबांनी शेवटी विचारलं.

"डॉक्टरचा दाखला. अपंगत्व कायमचं आहे असा. आणि खर्चाच्या पावत्या."

"कायमचं?"

"तसा शब्दच आहे कायद्यात. त्याशिवाय नाही मिळत रे."

घरी आल्यावर बाबांनी आईला यातलं काही सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात ते म्हणाले, "याला एकदा मोठ्या डॉक्टरांना दाखवून आणतो." आईचा चेहरा उजळला. तिनं भावाला न्हाऊमाखू घातलं, इस्तरीचा शर्ट घातला आणि त्याला बजावलं, "बाळा, डॉक्टर जे करायला सांगतील ते नीट करून दाखव हं. घाई करायची नाही."

आई घरी थांबली, मी बरोबर गेले. दवाखान्यात गर्दी होती. आमचा नंबर लागला तेव्हा बाबांनी खालच्या आवाजात डॉक्टरांना काम सांगितलं. डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी भावाला समोर बसवलं आणि हिंदीत म्हणाले, "बेटा, ज़रा कमीज़ के बटन खोलो, फिर लगाओ."

भावानं डाव्या हातानं बटणं सोडली. मग लावायला घेतली. आईनं त्याच्याकडून हे कितीदा करून घेतलं होतं, मला माहीत होतं. पहिलं बटण लागलं. दुसऱ्याला त्यानं उजव्या हाताची वाकडी बोटं काजाखाली सरकवली आणि काज उचलून धरला. हे मी यापूर्वी पाहिलं नव्हतं. त्याच्या कपाळावर घाम आला होता. दुसरं बटणही लागलं. त्यानं बाबांकडे पाहिलं.

"अरे, ये तो काफ़ी कर लेता है," डॉक्टर म्हणाले.

त्या क्षणी बाबांचा चेहरा कसा झाला ते मला नीट सांगता येत नाही. मुलानं करून दाखवलं याचा आनंद त्यावर यायला निघाला होता आणि मध्येच अडकला होता. भाऊ जितकं चांगलं करील तितका दाखला अवघड होणार होता. पुढचं बटण भावाच्या बोटांतून दोनदा निसटलं. बाबा एकदा हात पुढे करून त्याला मदत करायला गेले आणि तो मागे घेतला.

मग डॉक्टरांनी त्याला पेन्सिल धरायला दिली, वस्तूंची नावं विचारली, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं. शेवटी ते बाबांना म्हणाले, "देखिए, बच्चा मेहनती है. पर जो है, वो रहेगा. मैं लिख देता हूँ." आणि त्यांनी लिहायला घेतलं.

भाऊ माझ्या बाजूला येऊन बसला. डॉक्टरांच्या हलणाऱ्या पेनाकडे बघत त्यानं बाबांना विचारलं, "बाबा... पास?"

"पास," बाबा म्हणाले.

घरी पोचल्या पोचल्या त्यानं आईला तेच सांगितलं. दारातूनच, जीभ वळेपर्यंत थांबून थांबून. आई हसत बाहेर आली. "काय म्हणाले डॉक्टर?"

बाबा पायातले बूट काढत बसले. मग त्यांनी खिशातून कागद काढला आणि तो तिला न देता माझ्याकडे दिला. "वाचून दाखव तिला."

आईला इंग्रजी येत नव्हतं. मी वाचत गेले आणि सांगत गेले. त्या शब्दापाशी आले तेव्हा मी अडखळले. भाऊ शेजारीच उभा होता. मी म्हटलं, "पुष्कळ दिवस चालेल, असं लिहिलंय."

"नीट सांग," आई म्हणाली.

"कायमचं."

आईनं भावाला आत पाणी प्यायला पाठवलं. मग ती बाबांना म्हणाली, "त्याला येतं ते सगळं करून दाखवायला लावलंत. आणि लिहून हे आणलंत."

"कर कमी होईल," बाबा म्हणाले. "त्याच्याच औषधाला येतील ना ते पैसे."

"बरा होणार नाही म्हणून लिहून द्यायचं, आणि औषधाच्या पावत्याही जोडायच्या? मग औषध कशाला करतो आपण?"

बाबांनी माझ्या हातातून कागद घेतला आणि घडी करून खिशात ठेवला. याचं उत्तर कायदा करणाऱ्यांकडे तरी होतं की नाही, कोण जाणे.

तरी त्या रविवारी आई भावाला घेऊन बेटम्याला गेलीच, आणि मीही गेले. पावती मागायची होती. वैद्यजींनी आश्चर्यानं विचारलं, "रसीद? किसलिए?" आईला खोटं बोलता येत नसे. तिनं आपल्या मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं, डॉक्टरांचं म्हणणंसुद्धा. वैद्यजींनी तेलाचे हात पुसले. मग एका चिठोऱ्यावर त्यांनी आकडा लिहून सही केली आणि मान वर न करता म्हणाले, "बड़े डॉक्टर ने कहा है, तो अब मैं क्या कहूँ, बाई." नस में जान है, हे त्या दिवशी ते म्हणाले नाहीत. परतीच्या बसमध्ये आई खिडकीकडे तोंड करून बसली होती. भाऊ तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला होता.

त्यानंतर ती बेटम्याला गेली नाही.

सवलत मंजूर झाली. त्या वर्षी फेब्रुवारीचा पगार थोडा जास्त आला. बाबांनी भावासाठी टाचेला उंची दिलेले बूट करून घेतले. ते त्याला चावायचे, पण तो तक्रार करत नसे. वकीलकाका भेटले की म्हणायचे, "बघ, मी म्हटलं होतं ना." बाबा मान हलवायचे.

असं दोन वर्षं चाललं. मग गिरणीत टाळेबंदी झाली. ती उठली तेव्हा रंगखातं अर्ध्यावर आलं होतं, आणि बाबांचा पगारही. वर्षाच्या शेवटी मी नेहमीप्रमाणे दाखला आणि बुटांच्या, औषधांच्या पावत्या काढून त्यांच्यापुढे ठेवल्या. बाबा म्हणाले, "राहू दे. या वर्षी करच बसत नाही. सवलत कशातून मिळणार?"

आई तांदूळ निवडत होती. तिनं विचारलं, "म्हणजे आता हे कागद लागणार नाहीत?"

"नाही."

"मग त्यांचं काय करायचं?"

बाबा दाराबाहेर बघत राहिले. भाऊ ओसरीवर शेजाऱ्याच्या मांजरीला दूध पाजत होता. "ठेव कुठेतरी," ते म्हणाले. "टाकून तरी कसे द्यायचे?"