इतिहासाचे बारा धडे

धडे एकदम येत नसत. आधी वरची ओळ, मग बराच वेळ नुसता पांढरा पडदा, मग जणू पाण्याखालून एकेक ओळ हळूहळू वर यायची. बालाघाटच्या आमच्या अभ्यासकेंद्रात संगणक एकच होता आणि इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं. विद्यापीठाने संकेतस्थळावर ठेवलेले धडे उतरवून घ्यायचे, विषयवार लावायचे आणि लांजी-लामत्याहून येणाऱ्या विद्यार्थ्यांना उघडून द्यायचे, हे माझं काम. कोण काय वाचून गेलं याची नोंदवहीही माझ्याकडेच. दर जूनमध्ये जुनं काढून मी नव्याला जागा करायची. त्या वर्षी इतिहासाचे जुने बारा धडे काढून टाकले. त्यांच्यापुढे वर्षभरात एकच नाव होतं.

जुलैत ते नाव दारात उभं राहिलं. बिरसा गावची अंगणवाडीताई, चाळिशी ओलांडलेली, बसच्या धुळीने पदर मळलेला.

"मॅडम, माहे धडे कुठी गेले?"

मी नवा अभ्यासक्रम उघडून दाखवला.

"हा नाही जी. मले जुनाच पेपर देणं आहे. डिसेंबरचा शेवटचा चान्स. बी.ए. झालं तं सुपरवायझर होईन, नाही तं खिचडीच वाटत राहीन."

"विद्यापीठानेही काढलाय तो, ताई."

"त्यायचं जाऊ द्या. तुम्ही काहून काढला? मी एकटीच वाचत होती म्हणून?"

म्हणूनच. मी विद्यापीठाला फोन लावला.

"बच्चे कितने हैं, मैडम?" तिकडच्या बाबूने विचारलं.

"एक."

"सिर्फ एक?"

"जी. और बच्ची भी नहीं, मुझसे बड़ी हैं."

"मोठी तं हावोच मी," ताई मागून म्हणाली.

बाबू हसला. आज पाच वाजेपर्यंतच धडे परत ठेवतो, तेवढ्या वेळात उतरवून घ्या, म्हणाला.

डिसेंबरात ताई पास झाली, पुढे सुपरवायझरही झाली. पण मला आठवते ती जुलैची दुपार. बाहेर तांदळाच्या गिरणीची एकसुरी घरघर, वर संथ पंखा, पडद्यावर मुंगीच्या चालीने सरकणारी निळी पट्टी. लाइन तुटायची, मी पुन्हा जोडायची. पहिला धडा छापून मी ताईच्या हातात दिला होता. ती ओळीखालून बोट फिरवत, ओठांतल्या ओठांत वाचत होती. त्या पुटपुटण्यात वेळ कुठे गेला कळलंच नाही. अकरा धडे आले. बारावा दोनदा अर्ध्यात अडकला. पाचाला थोडा वेळ असताना पट्टी शेवटी भरली.

"आला, ताई. बाराही आले."

"हौ," ती मान वर न करता म्हणाली. "जरा हळू बोला, मॅडम. वाचून राह्यली मी."