सुम्ने दहा मिनिटं

वेळीप सर गेल्याची बातमी आधी सुमंगला मॅडमना कळली आणि मग मला. माणूस गेल्याचं दुःख व्हायच्या आधी मला याचंच वाईट वाटलं, हे कबूल करून टाकतो. रामनगरच्या स्टँडवर चहा पीत होतो, तेवढ्यात मॅडमचा फोन. "सर गेले… पहाटे. आयींनी मला कळवलं." आयी म्हणजे सरांच्या पत्नी. कसे गेले, कधी नेणार, यातलं मी काहीच विचारलं नाही. विचारलं काय, तर "तुम्हाला फोन केला? आयींनी स्वतः?" मग मॅडम म्हणाल्या, "बस मिळाली तर या कुंभारवाड्याला." सरांच्या गावाला जाणारी बस मिळाली नाही. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं.

चार वर्षांपूर्वी मी आणि सुमंगला मॅडम एकाच आठवड्यात कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यातल्या एका कॉलेजात लागलो. त्या अर्थशास्त्राच्या, मी वाणिज्यचा. त्या रामनगरच्या, तीन भाषांत भांडू शकणाऱ्या. मी कोल्हापूरकडचा, माझं कन्नड बसची पाटी ओळखण्यापुरतं. नव्या प्राध्यापकांना स्वतःच्या डोक्यानं, जरा कल्पकतेनं शिकवता यावं म्हणून कॉलेजनं मार्गदर्शक नेमायचं ठरवलं आणि निवृत्तीनंतर कुंभारवाड्यात भातशेती करणाऱ्या वेळीप सरांना गळ घातली. सर दर बुधवारी यायचे, बस येईल तेव्हा. पहिल्याच भेटीला मी कल्पकतेवर बावीस स्लाइड करून नेल्या होत्या. सरांनी सगळ्या नीट पाहिल्या, चष्मा पुसला आणि म्हणाले, "छान हाय. आता ह्यातलं कायबी न सांगता तास कसा घेशील?" मला वाटलं, विनोद केला. मी मोठ्यांदा हसलो.

मग सरांनी आम्हा दोघांना पहिलं काम दिलं. "तासाची पयली दहा मिनिटं सुम्ने ऱ्हावा. काय होतंय ते मला येऊन सांगा." सुम्ने हा शब्द कन्नड. सरांना विचारायची लाज वाटली म्हणून मी बसच्या कंडक्टरला विचारला. तो म्हणाला, "सुम्ने म्हणजे उगीच हो. टाइमपास." झालं! दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन मी दहा मिनिटं उगीच बोललो. माझ्या लग्नातला फजितीचा किस्सा, मामाची म्हैस, कोल्हापूरचा रस्सा… पोरं लोळून हसली. मी फुगलो. पण सुम्ने म्हणजे गप्पसुद्धा, आणि सरांना तेच म्हणायचं होतं. सुमंगला मॅडम फळ्याला पाठ लावून गप्प उभ्या राहिल्या. सातव्या मिनिटाला एक मुलगी उठली. "मॅडम, आमच्या घरी कंदमुळं विकत न्हाईत, शेजारी वाटत्यात. ते ह्या पुस्तकात कुठं बसतं?" त्या प्रश्नावर तो वर्ग पुढं महिनाभर चालला. बुधवारी आम्ही दोघांनी अहवाल दिला. माझी म्हैस ऐकून सरांच्या डोळ्यांत पाणी आलं, हसून हसून. आणि ते मॅडमच्या वर्गात जाऊन बसले.

तिथून पुढं दर बुधवारी तेच. सर आले की मॅडमच्या तासाला. मी शेजारच्या वर्गात नफातोटा शिकवायचो, कान भिंतीला. एकदा धीर करून म्हटलं, "सर, माझ्याही तासाला या की." तर म्हणाले, "येतो रं. तुजं बोलणं थांबलं की सांग." शेवटी मी लबाडी केली. एका विद्यार्थ्याला प्रश्न लिहून दिला, पाठ करून घेतला, आणि सर व्हरांड्यातून जायच्या वेळेला नेमका गप्प उभा राहिलो. गडी उठला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "शंका क्रमांक एक!" माझ्या कागदावर तसंच लिहिलं होतं. सर दारात थांबले. "प्रश्न बेस हाय," म्हणाले. "पर तो तुजा हाय, त्याचा न्हाई." आणि गेले… शेजारच्या वर्गात.

दिवसकार्याला कुंभारवाड्याला गेलो. आयींनी सुमंगला मॅडमना जवळ घेतलं, "बाय, तू जेवल्याबिगर जायचं न्हाई," म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळून विचारलं, "तुमी कोण म्हणायचं?" मी नाव सांगितलं. "व्हय काय," म्हणाल्या. चार वर्षांत माझं नाव त्या घरात पोचलं नव्हतं. जेवून आम्ही दोघं बसची वाट पाहत उभे होतो तेव्हा मला राहवलं नाही.

"मॅडम, सर माझ्याबद्दल काही बोलायचे का हो?"

"कशाला विचारताय आता?"

"बोलायचे की नाही?"

"एकदाच बोलले. म्हणाले, त्यो वर्गात लई एकटा असतो."

"एकटा? साठ पोरं असतात माझ्या वर्गात!"

"मी पण तेच म्हटलं त्यांना."

"मग?"

"मग काही नाही. तुमची म्हशीची गोष्ट सांगितली आणि हसले."

बस येईपर्यंत मी मनातल्या मनात सरांशी भांडलो, मॅडमशी भांडलो. आणि बस आल्यावर, पायरीवर पाय ठेवता ठेवता, चार वर्षं जे तोंडातून निघालं नव्हतं ते निघालं. "मी तुमच्या तासाला येऊन बसू?" मॅडमनी 'या' म्हणून मान हलवली.

पुढच्याच बुधवारी गेलो. शेवटच्या बाकावर, खिडकीच्या बाजूला, चांगली ऐसपैस जागा होती. टेकलो. शेजारची मुलगी कुजबुजली, "सर, तिथं नको… जरा सरकून बसा."

"का? कोण येणार आहे?"

"कोण न्हाई. पर ती आमच्या सरांची जागा."

मला सरांचा, मॅडमचा, त्या मुलीचा, अगदी त्या रिकाम्या लाकडाचाही हेवा वाटला. पुढं मॅडम फळ्याला पाठ लावून उभ्या होत्या, तास सुरू व्हायचा होता. मी सरकलो. खोटं कशाला बोलू… अर्धाच सरकलो.