दुसऱ्या नावाने दिलेलं रक्त

महाडच्या एमआयडीसीतल्या ज्या कंपनीत मी ऑपरेटर होतो, तिथे मालकांच्या वाढदिवसाला रक्तदान शिबिर असायचं. कॅन्टीनमधली टेबलं सारून खाटा टाकायचे. रक्त दिलं की केळं, बिस्किटांचा पुडा आणि स्टीलचा डबा मिळायचा. पहिल्या वर्षी मीही रांगेत उभा राहिलो. माझा नंबर जवळ आला तेव्हा रक्तपेढीच्या बाई कोणाला तरी सांगत होत्या, "घेतलेलं सगळं रक्त आम्ही तपासतो. कावीळ, एड्स, सगळं." मी रांगेतून बाहेर पडलो आणि संडासात जाऊन कडी लावली.

बाहेर आलो तर सुपरवायझर समोर उभे. "काय रे, सुईला घाबरलास? डोंगरातला गडी ना तू?"

मी हसून मान हलवली. त्या दिवसापासून मी सुईला भितो हे कंपनीभर झालं, आणि मला ते बरंच वाटलं.

माझं गाव पोलादपूरच्या वर डोंगरात. दहावी झाल्यावर गावातल्या बाकीच्या पोरांसारखा मीही मुंबईला गेलो. गावकीची एक खोली होती, तिथे आम्ही पाळीपाळीने झोपायचो. दिवसपाळीवाले रात्री, रातपाळीवाले दिवसा. खालच्या वाडीतला माझ्याच वर्गातला एक मित्र तिथेच होता. दोघेही कापड रंगवायच्या कारखान्यात लागलो. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी खोलीतली मोठी माणसं जिथे जायची, तिथे पुढे आम्हीही जायला लागलो. कोणी जबरदस्ती केली नव्हती. वय होतं, घर लांब होतं, आणि विचारणारं कोणी नव्हतं. निरोध हा शब्द दवाखान्याच्या भिंतीवरच्या लाल त्रिकोणामुळे माहीत होता, पण ते लग्न झालेल्यांचं काम, पाळणा लांबवायला वापरतात, एवढीच अक्कल.

कारखाना बंद पडला तसा मी गावी परतलो आणि महाडला लागलो. मित्र मुंबईतच राहिला, एका गोदामात. त्याचं लग्न झालं, बायको गावी सासूजवळ. सणाला तो यायचा तेव्हा भेट व्हायची, तेवढीच.

शिबिराच्या त्या दिवसापर्यंत मी एड्सचा विचारच केला नव्हता असं नाही. एसटी स्टँडवर त्याच्या माहितीचा पत्र्याचा फलक लावलेला होता, रेडिओवर सांगत होते. पण ते दुसऱ्या कोणासाठी आहे असं वाटायचं. संडासात कडी लावून उभा होतो तेव्हा ते माझ्यासाठी झालं.

त्यानंतर मी स्वतःच्या अंगावर पाळत ठेवायला लागलो. सकाळी उठल्यावर आधी आरशात जीभ, पांढरी पडलीय का ते. मग काखेत आणि जांघेत बोटं घालून गाठ लागते का ते बघायचं. इतकं दाबायचो की तिथलं मांस खरंच दुखायला लागायचं, आणि दुखतंय म्हणजे काहीतरी आहे असं वाटायचं. आमच्या प्लँटमध्ये निम्म्या लोकांच्या हातांना खाज होती, केमिकलमुळे. सगळे खोबरेल लावून मोकळे व्हायचे. मी मात्र माझी खाज वेगळी आहे असं धरून बसलो. वजन बघायला भाताच्या गिरणीत जायचो, पोती तोलायच्या काट्यावर उभा राहायचो आणि गिरणीवाला म्हणायचा, "काय, स्वतःलाच कांडायला आणलंस?" पावसात लावणीला घरी गेलो की वजन उतरायचं, सगळ्यांचंच उतरतं. मी ते धरून पुढचे कितीतरी आठवडे जेवताना रडवेला व्हायचो.

आई लग्नाचं बघत होती. मुली दाखवायला न्यायची आणि मी काहीतरी खोट काढायचो. एक उंच आहे, एकीचं गाव लांब आहे. एकदा परतीच्या वाटेवर आई चढणीवर थांबली आणि म्हणाली, "तुझ्या मनात कोण हाय का? असंल तर सांग. जातीची नसंल तरी सांग."

"कोण नाय गो आये."

"मंग हायस तरी काय तू?" असं म्हणून ती पुढे चालायला लागली.

महाडला तपासणी करणं शक्य नव्हतं. बाजारपेठेतल्या लॅबमध्ये रक्त घेणारा माणूस आमच्याच शेजारच्या गावचा होता. शेवटी मी आजारी रजा टाकली आणि पोलादपूरहून सकाळच्या गाडीने घाट चढून साताऱ्याला गेलो. तिथे मला ओळखणारं कुत्रंही नव्हतं, तरी लॅबवाल्याने नाव विचारल्यावर मी भलतंच नाव सांगितलं. आडनावही वेगळं. संध्याकाळपर्यंत शहरात भटकलो, एका हॉटेलात मिसळ मागवली आणि तशीच टाकून उठलो. रिपोर्ट हातात आला तर त्यावर 'नॉन-रिॲक्टिव्ह' लिहिलेलं. मला वाटलं, रिॲक्शन आली. मी कागद काउंटरवर उलटा ठेवला. लॅबवाला म्हणाला, "अहो, चांगलं आहे. काही नाही तुम्हाला."

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मी अक्षरशः हसत होतो. महाबळेश्वरला गाडी थांबली तेव्हा चणे घेतले. पण घाट उतरायला लागलो, प्रतापगडाचा फाटा मागे पडला, आणि मनात आलं की हे नाव कोणाचं आहे? रिपोर्ट त्या माणसाचा. त्याला काही नाही. त्याच नावाचा खरा कोणी तिथे येऊन गेला असेल तर? बाटल्या बदलल्या असतील तर? पोलादपूरला उतरेपर्यंत मी पुन्हा होतो तिथेच होतो. शिकलेला माणूस याला हसेल. मलाही हे खुळ्यासारखं आहे हे कळत होतं. कळून उपयोग नव्हता. पुढच्या दोन-तीन वर्षांत मी असाच चिपळूणला गेलो, पुण्याला गेलो, दर वेळी नवीन नाव घेऊन. दर वेळी काही दिवस बरे जायचे.

मग एका गणपतीत मित्र मुंबईहून आला तो परत गेलाच नाही. खालच्या वाडीत कुजबुज सुरू झाली. त्याला मोठा आजार आहे, त्याला पडवीत वेगळं ठेवलंय, ताटवाटी वेगळी केलीय. ऐकलं तेव्हा मी आमच्या ओटीवर नारळ सोलत होतो. आई म्हणाली, "तिकडं जाऊ नको तू. दुरून विचारपूस कर."

मी दोन दिवस गेलो नाही. त्याच्यासाठी वाईट वाटलं असं म्हणायला हवं, पण खरं सांगायचं तर मला फक्त एवढंच दिसत होतं की मुंबईत आम्ही एकाच जिन्याने वर गेलो होतो. तिसऱ्या दिवशी राहवलं नाही.

तो पडवीत घोंगडीवर बसला होता. गालाची हाडं वर आली होती. मला बघून म्हणाला, "आलास? मला वाटलं तू बी बांधावरनंच बोलशील."

मी त्याच्याजवळ बसलो. त्याची बायको चहा घेऊन आली आणि कप माझ्यापुढे ठेवून माझ्याकडे बघत उभी राहिली, मी पितो का नाही ते बघायला. मी प्यालो. ती आत गेल्यावर तो हळू आवाजात म्हणाला, "मला हाय ते. मुंबईत टेस्ट केली. तू केलीस?"

"केली."

"मग?"

"नाय निघालं. पण दुसऱ्या नावानं केली."

त्याला आधी समजलंच नाही. मी सगळं सांगितलं, सातारा, चिपळूण, पुणे. तो हसायला लागला, हसता हसता खोकला, खोकता खोकता डोळ्यांतून पाणी आलं. "अरे, मग ती सगळी माणसं सुटली," तो म्हणाला. "तू ऱ्हायलास एकटा."

कित्येक वर्षांत या गोष्टीवर मी कोणाबरोबर हसलो नव्हतो. मग त्याने डोळे पुसले. "महाडला सरकारी दवाखान्यात आता त्याची वेगळी खोली हाय म्हणतात. मला हिची टेस्ट करायची हाय, माझ्यात चालायची ताकद नाय. तू आमच्या संगती चल. आणि स्वतःच्या नावानं कर काय ती एकदा."

आम्ही तिघे गेलो. वाडीपासून सडकेपर्यंत मी त्याला धरून उतरवलं. दवाखान्यात त्या खोलीबाहेर बाकावर बसलो तेव्हा समोरून आमच्या प्लँटमधला एक फिटर पोराला घेऊन गेला. त्याने मला पाहिलं, दारावरची पाटीही वाचली. मी उठून निघालोच असतो, पण मित्र माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसला होता आणि मला हलता आलं नाही.

आत समुपदेशनाला एक तरुण बाई होत्या. नाव विचारलं. मी माझं नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव, सगळं सांगितलं. आवाज इतका बारीक निघाला की त्यांनी पुन्हा विचारलं.

मित्राच्या बायकोला लागण झालेली नव्हती. तिने ते ऐकलं आणि भिंतीकडे तोंड करून बराच वेळ उभी राहिली. मलाही नव्हती. बाईंनी मला आत बसवून ठेवलं. शेवटचा संबंध कधीचा, आधी कितीदा तपासलं, सगळं विचारून घेतलं आणि म्हणाल्या, "आता पुन्हा तपासणी करायची काहीच गरज नाही. तरी तुम्ही कराल, असं मला वाटतंय."

"करीन बहुतेक," मी म्हणालो.

"जीभ बघता रोज?"

मी चमकलो. त्यांनी मला दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टर वयस्कर होते, टेबलासमोर रांग लागलेली, तरी त्यांनी मला बसायला सांगितलं. म्हणाले, "ही भीती हाच आजार आहे आणि याला औषध आहे. लाजू नका. सर्दीला लाजतो का आपण?" त्यांनी मला पुण्याच्या एका मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. मी वर्षभर एक गोळी घेतली. पुण्याच्या त्या डॉक्टरांनी गोळीबरोबर एक कामही दिलं: जीभ बघावीशी वाटली की आधी अंघोळ करायची, कपडे घालायचे, कामाला लागायचं, मग हवं तर बघायचं. सुरुवातीला अंघोळ करून पळत आरशाकडे जायचो. हळूहळू कामात विसरायला लागलो. एकदम काही झालं नाही. एखादा आठवडा वाईट जायचाच.

फिटरने कंपनीत सांगितलं की नाही, मला कधीच समजलं नाही. त्याने मला काही विचारलं नाही.

मित्राला क्षयही होता. आधी त्याचा कोर्स झाला, मग मुंबईच्या मोठ्या सरकारी दवाखान्यातून या आजाराच्या गोळ्या मिळायला लागल्या. पहिले काही महिने मी त्याला वीर स्टेशनवर रेल्वेत बसवून यायचो. पुढे तो एकटा जायला लागला. अंगावर मांस धरलं. त्याची सासुरवाडी गडाच्या पायथ्याशी, हिरकणीवाडीला. गावात कोणी काम देईना म्हणून नवरा-बायको तिथे गेले आणि गडावर येणाऱ्या लोकांसाठी झुणका-भाकरीची टपरी टाकली. आमच्या गावच्यांनी त्या टपरीवर बरीच वर्षं पाणी प्यायलं नाही. पुण्या-मुंबईचे लोक मात्र दुसरी भाकरी मागून घ्यायचे.

मी लग्नाला तयार झालो तेव्हा तिशी उलटून गेली होती. मुलगी महाडजवळचीच, अंगणवाडीत शिकवायची. बघण्याच्या कार्यक्रमानंतर मी तिला परसात थांबवलं आणि सांगितलं की मी मुंबईत असताना असं असं केलेलं आहे, तपासणी केलीय, काही नाही, पण तुम्हाला माहीत असावं. बोलताना मी जमिनीकडे बघत होतो. तिने परसाचं दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "ही तपासणी लग्नाआधी बायकापण करतात का?"

"करू शकतात."

"मग मीपण करते. तुमची पण परत होऊ दे, माझ्यासमोर." आणि पुढे म्हणाली, "राग आलाय मला. पण घरात सांगत नाही."

आम्ही दोघांनी केली. तिचा राग लग्नानंतरही काही काळ राहिला. तो मी निमूट सोसला.

लग्नाला मित्र आणि त्याची बायको आले. पंगत बसली तेव्हा त्यांच्या दोन्ही बाजूंची पानं रिकामी राहिली. लोक आपले पुढच्या ओळीत सरकत होते. मी मुंडावळ्या बांधून पाटावर अडकलेला, उठता येईना. तेवढ्यात आमचे सुपरवायझर उशिरा पोचले, त्यांना काही ठाऊक नव्हतं. ते रिकाम्या पानावर मांडी घालून बसले, मित्राच्या पानातली कुरडई संपलेली बघून वाढप्याला हाक मारली आणि "अहो, यांना आधी वाढा" म्हणाले. दोघे जेवण संपेपर्यंत गप्पा मारत होते. नंतर मी मित्राला विचारलं, एवढं काय बोलत होता?

"पाऊस," तो म्हणाला. "यंदा भाताला कसा होईल ते."