मडक्यातला काथ्या

स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. लग्नानंतरच्या पहिल्याच मे महिन्यात हे मुंबईहून आगबोटीने दिवेआगरला आले, ते एका हातात काचेची रिकामी पेटी आणि दुसऱ्या हातात बरणी घेऊन. बरणीत चार लाल मासे. आमचं घर मासे न खाणाऱ्यांचं. सासूबाई ओटीवरूनच म्हणाल्या, "आता एवढंच राहिलं होतं!" रस्त्याने जाणारी कोळीण पाटी उतरवून बघायला आली. "भाऊ, यांचं तं कालवनबी व्हयाचं न्हाय. पालून काय करशील?"

"सोबतीला," हे म्हणाले. कोणाच्या, ते सांगितलं नाही. मला कळायचं ते कळलं.

गावात वीज नव्हती. ह्यांनी रजेतले दोन दिवस घालवून गाळणी केली. मडक्याच्या बुडाला बारीक भोक, तळाशी नारळाचा काथ्या, त्यावर कोळसे, वर धुतलेली वाळू. ते मडकं माजघरात तिवईवर, खाली पेटी. सकाळ-संध्याकाळ पेटीतलं पाणी तांब्याने उपसून मडक्यात ओतायचं, की ते गाळून टपटप परत खाली. टपटप मंदावली, की काथ्या मळला असं समजायचं. मागच्या पडवीत त्यांनी मला तो पिळून दाखवला. "पेटीतल्याच पाण्यात दोनदा पिळायचा, बास. विहिरीच्या पाण्यात नाही. स्वच्छ निघेपर्यंत तर मुळीच नाही. त्या मळावरच मासे जगतात." नवी नवरी मी, मळाविषयी एवढ्या मायेने बोलणारा नवरा बघून मला हसू येत होतं.

शेवटच्या बोटीने हे गेले आणि पावसाळ्यासाठी बोट बंद झाली. खाड्या ओलांडत, चिखल तुडवत यायचं तर रजा वाटेतच संपायची. म्हणजे गणपतीपर्यंत भेट नाही. खरं सांगते, मला माशांचं काडीचं कौतुक नव्हतं. मला तो माणूस हवा होता, आणि तो नव्हता म्हणून त्याचं मडकं. दर एकादशीला काथ्या पिळताना ह्यांचे ओले हात आठवायचे आणि जीव नुसता तुटायचा. आल्यावर मासे जिवंत दिसले पाहिजेत, एवढाच एक ध्यास मी घेतला होता.

गणपती तोंडावर आले आणि नेमकी मी बाजूला बसले. चार दिवस मागची पडवी, कशाला हात लावायचा नाही. सासूबाईंना म्हटलं, "पाणी तेवढं ओता." दुसऱ्या दिवशी पडवीत ऐकू आलं ते भलतंच. टपटप नव्हती, धार होती.

"लख्ख केलं बघ!" सासूबाई दारातून म्हणाल्या. मडकं राखेने घासलेलं, वाळू-कोळसे विहिरीच्या पाण्याने दहादा धुतलेले, काथ्या नवा कोरा. "माझा मुलगा येणार, त्याला का तो चिखल दाखवू?" मला ओरडावंसं वाटलं. पण सासूवर ओरडायची सोय नव्हती, आणि त्यांच्या तोंडावर इतका आनंद होता की मी नुसती मान हलवली.

चौथ्या दिवशी त्या धावत आल्या. "अगो, दोन उलटे झाले. उरलेले वर येऊन नुसते तोंड उघडतायत. काय चुकलं गो माझं?"

मी पावसात उकिरड्यावर गेले. जुना काथ्या तिथेच पडला होता, ओला, काळा, वास मारणारा. तो घेऊन दाराशी आले आणि सवयीने खाली ठेवायला वाकले. या दिवसांत माझ्या हातून त्या काही घेत नसत. मी ठेवायचं, मग त्यांनी उचलायचं. त्या दिवशी सोवळ्यातल्या सासूबाईंनी दोन्ही हात पुढे केले आणि तो घाणेरडा गोळा माझ्या हातांतून घेतला. मडक्यात घातला. मगच आंघोळीला विहिरीवर गेल्या.

दोन मासे वाचले. बोट सुरू झाली, हे आले. आधी पेटीत डोकावले, मग माझ्याकडे बघितलं. "छान ठेवलंस." मी आणि सासूबाईंनी एकमेकींकडे पाहिलं.

दिवाळीनंतर मी ह्यांच्याबरोबर मुंबईला निघाले. ज्या दिवसाची वाट बघत पावसाळा काढला, तो हा दिवस. आणि पाय निघत नव्हता. गाडी दाराशी लागली, बैल जुंपलेले. हे पेटी उचलायला वाकले.

"राहू दे ती," सासूबाई म्हणाल्या.

"तुला कशाला गं मासे?"

"सोबतीला."

ह्यांनी पेटी होती तिथेच ठेवली. मी पाया पडायला वाकले, तेव्हा सासूबाईंनी कानाशी येऊन हळूच विचारलं, "दोनदाच पिळायचा ना गो?"