आत्याची शिंक आणि भाताची रास

माझ्या आत्याइतकं हट्टी माणूस अख्ख्या मुरबाड तालुक्यात नाही, आणि तिच्या नाकाइतकं हट्टी नाक शहापूर धरून दोन्ही तालुक्यांत सापडायचं नाही. ती शिंकायला लागली की एकावर कधी थांबत नसे. परड्यातल्या कोंबड्या पांगत, आणि कामाला निघालेला शेजारी चपला काढून पुन्हा ओट्यावर टेके, कारण निघताना शिंक म्हणजे अपशकुन. कुणाच्या घरी सोयरिकीची बोलणी असली की आधीच हिला गोड बोलून दुसरीकडे पाठवत. एकदा ती गेलीच नाही. ऐन बोलणीत शिंकली आणि वर पाहुण्यांनाच म्हणाली, "माझ्या शिंकंनं मोडंल ते लगीन टिकनार कसं?" लग्न झालं, आणि बारशालाही आत्या पुढेच बसली होती.

खरी गोची होती ती खळ्यावर. झोडणी संपली की भाताची रास मोजायची. त्या वेळी कुणी बोलायचं नाही, पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायचं, आणि मध्ये कुणी शिंकलं तर मोजलेलं भात पुन्हा राशीत ओतायचं. पेंढ्याच्या त्या धुळीत आत्याचं नाक कसलं गप्प बसतंय! आतोबा गेल्यावर शेत तिनेच राखलं, लावणीपासून झोडणीपर्यंत सगळं तिच्या अंगावर, पण मोजणीच्या वेळी भावकी तिला घरात बसवी. याचा तिला भयंकर राग होता. त्यात वाशिंदच्या कारखान्यात असलेला तिचा मुलगा दरवर्षी म्हणे, "आये, शेत खंडानं देऊ. फ्लॅटवर चल. तिथं धूळ नाय, पेंढा नाय." "मंग मी तिथं करू काय?" एवढं विचारून ती त्याच्या पुढ्यातच शिंकांची माळ लावी.

शेवटी मी तिला कल्याणला नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. हातावर निरनिराळ्या अर्कांचे थेंब टाकून बारीक टोचायचं आणि जिथे गांध उठेल त्याची ॲलर्जी समजायची, अशी तपासणी ठरली. त्याआधी काही दिवस शिंकेची गोळी बंद, असं बाईंनी बजावलं होतं. तपासणीच्या दिवशी हात कोरा करकरीत. "पास झाले!" आत्या मला म्हणाली. चौकशीअंती कळलं, बाईसाहेबांनी पहाटेच गोळी घेतली होती. "परीक्षेला कोन तयारी न करता जातंय रे?" पुन्हा हेलपाटा पडला. या वेळी गांधी उठल्या. धुळीतले डोळ्यांना न दिसणारे किडे आणि गवताचे पराग, असं निदान झालं. "माझ्या घरात किडे?" आत्या कडाडली. "या एकदा माझं सारवलेलं बघायला!" आमच्याही घरात असतात हो, असं बाईंनी सांगितलं तेव्हा कुठे ती निवळली.

उपचार असा, की ज्याची ॲलर्जी त्याचाच अर्क अगदी थोडाथोडा टोचायचा, मात्रा हळूहळू वाढवायची, मग महिन्याला एक सुई, असं किमान तीन वर्षं. मुलगा म्हणाला, "या वयात तीन वर्षं सुया?" आत्या म्हणाली, "नव्या सुनंसारखं हाय ते. आधी चार दिस येते, मंग आठ दिस, मंग घराला ती सोसते नि तिला घर." सुईनंतर अर्धा तास दवाखान्यातच थांबावं लागे. तेवढ्या वेळात ती सगळ्या पेशंटांना शेंगा वाटे आणि सुया चुकवणाऱ्यांना झापे. स्वतः तिने एकही चुकवली नाही.

तिसऱ्या वर्षी शिंका अगदीच कमी झाल्या. पार जातीलच असं बाईंनी कधी म्हटलं नव्हतं. त्या हंगामात आत्या कुणालाही न विचारता राशीपुढे जाऊन बसली, पायली भरली, 'लाभ' म्हणाली, आणि दुसरं माप भरताना शिंकली. एकच शिंक. भावकी एकमेकांकडे बघू लागली. आत्याने पदर खोचला, ती भांडणाच्या तयारीत होती. तेवढ्यात मोजणीला आलेला तिचा मुलगा उठला. मला वाटलं, हा आता तिला घरात नेतोय. त्याने मोजलेलं भात राशीत ओतलं आणि रिकामी पायली पुन्हा तिच्याच हातात दिली.

"आये, पयल्यापासून मोज."

सगळ्या जगाशी भांडायला बसलेल्या माझ्या आत्यासमोर भांडायला कुणी उरलंच नाही. तिने खोचलेला पदर सोडला, पायली भरली, 'लाभ' म्हणाली. इतकी वर्षं मी तिला बघतोय. त्या दिवशी पहिल्यांदा ती मला म्हातारी दिसली.