मधल्या बांधाची दहावी चूल

मधला बांध कुठे आहे, असं विचारलंत तर करावे गावातला माणूस खाडीकडे नुसता हात उडवतो. सीवूड्सच्या मॉलमध्ये विचारण्यात तर अर्थच नाही. करावे संपलं की तिवरांच्या झाडीतून एक पायवाट जाते आणि जुन्या बांधावर काही घरं लागतात, तोच मधला बांध. गावठाणात तो धरत नाहीत, शहरातही नाही. पत्ता नाही म्हणून गॅस नाही, अजून लाकडंच जळतात.

या बांधावर पुतळा नावाच्या म्हातारीचा शब्द चालायचा. नवरा गेल्यावरही तिने धनेश आणि दिपेश या दोन्ही मुलांचे संसार एका चुलीवर ठेवले होते. कराव्यात भाऊ भावाच्या विरोधात कोर्टात गेले. पुतळाच्या घरात पातेलं एकच. याचा तिला इतका गर्व होता, की तो झाकायचे कष्टही ती घेत नसे.

अशात वस्त्यांची सरकारी मोजणी निघाली. दहा चुली असतील तर वस्ती म्हणून नोंद आणि पाण्याची लाइन. नसतील तर सगळीच घरं अतिक्रमण, कधीही पाडा. बांधावर माणसं भरपूर, पण चुली आठच.

"आये, दोन कमी परतान," धनेश म्हणाला. "आपलीच चूल फोरायला लागंल. तुजी येक, माजी येक, दिपेशची येक."

"दाखवन्यापुरती," पुतळा म्हणाली. "बाई गेली का परत येकच."

मोजणीला आलेली क्षिप्रा मॅडम हुशार निघाली. नुसतं विचारून तिचं समाधान होईना, ती प्रत्येक स्वयंपाकघरात शिरत होती. थोरली सून सुचिता हिच्या चुलीवर कालवण रटरटत होतं, तिथे ठीक झालं. मग ती पुतळाच्या नव्या चुलीशी थांबली. "इथे माणसं किती?"

"येक," पुतळा म्हणाली. आणि तिने चुलीतलं लाकूड उगाच मागेपुढे केलं.

राहिली धाकटी सून संध्या. तिच्या पडवीत चूल होती, वर भात होता, पण मसाल्याचा डबा नव्हता. घरात डबा एकच, आणि तो सुचिताच्या फळीवर राहिला होता. इतक्या तयारीत हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. आयुष्यभर एका डब्यातलं खाणाऱ्यांच्या येणार तरी कसं? मॅडमने रिकामी फळी पाहिली आणि तिचं पेन थांबलं.

"तुम्ही खरंच वेगळ्या राहता?"

संध्या पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "चूल नवीच हाय मॅडम. मसाला कुटायचा हाय अजून. लगीन होऊन आले तवापासून काय रांधायचं ते मला कोनी इचारलं नाय. मीठ किती घालायचं ते पन दुसऱ्यानं सांगायचं. माज्या हातची चव माज्या नवऱ्याला ठावं नाय." तिचे डोळे भरून आले.

मॅडमने मान खाली घालून लिहून घेतलं. दहा चुली झाल्या, बांध वाचला! पुतळाला सुनेचं केवढं कौतुक वाटलं. पोरीने नाटकात काम करायला हवं, असं ती दुपारभर सगळ्यांना सांगत सुटली.

संध्याकाळी सुचिताने ताटं वाढली. संध्या आलीच नाही. पडवीतून मिरच्या भाजल्याचा ठसका येत होता. धनेश खोकला. पुतळा चार शब्द सुनावायला उठली आणि परत बसली. सुनावणार काय? सगळं तर तिने दुपारी कौतुकाने ऐकलं होतं.

थोड्या वेळाने दिपेश आला. हातात कालवणाची वाटी, वर बशी झाकलेली. "संध्यानं दिलंय," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

पुतळाने ते ताटात ओतून चाखलं. चांगलं झालं होतं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला, रडूही आलं. मग तिने उठून वाटी धुतली. शेजारची वाटी रिकामी परत पाठवत नाहीत, म्हणून तिच्यात मूठभर सुकट घातली आणि लेकाच्या हातात दिली.

"जा," ती म्हणाली, "तुजे घरी ने."